साडेसात

आमच्या मासिकाच्या ऑफिसात त्याला सगळे ‘साडेसात’ म्हणत. पगारपत्रकावर आई-वडिलांनी ठेवलेलं रीतसर नाव होतं, पण कॅन्टीनचा पोऱ्यासुद्धा ‘साडेसातांचा कटिंग’ असं ओरडून ग्लास ठेवून जायचा. तो व्हिडिओ गेमचा समीक्षक आणि मी त्याचा मजकूर तपासणारा. मासिक इंग्रजी, ऑफिस अंधेरीला, मराठी आम्ही दोघंच. त्यामुळे दोस्ती होणं भागच होतं.

महिन्याला आठ-दहा गेम त्याच्या हाताखालून जात. गाड्यांच्या शर्यती, बंदुका, तलवारी, फुटबॉल, एकदा तर नांगरणीसुद्धा. लेखाच्या शेवटी चौकट, चौकटीत दहापैकी गुण, आणि गुण साडेसात. अगदीच उमाळा आला तर आठ. गेम सुरूच झाला नाही तर सात. शनीची साडेसाती निदान साडेसात वर्षांनी उतरते, याची काही उतरली नाही.

पुढे ही सवय घरात शिरली. वहिनींनी पोहे पुढे ठेवून ‘कसे झालेत?’ विचारलं की साडेसात. सिनेमा साडेसात, डोंबिवली फास्टमधली गर्दी साडेसात, सासऱ्यांचं बायपास ऑपरेशन साडेसात. मुलगी बघून परत येताना गाडीत तो मला काय म्हणाला होता हे वहिनींना अजून ठाऊक नाही, आणि माझ्याकडून कळणारही नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, दहापैकी साडेसात म्हणजे फर्स्ट क्लास की! पण या धंद्यातली पट्टी निराळी. शून्य ते सहा हे आकडे तिच्यावर असतात ते फक्त पट्टी पुरी दिसावी म्हणून. सात म्हणजे काठावर पास, आठ म्हणजे बरा, नऊ म्हणजे चांगला आणि दहा म्हणजे मोठ्या कंपनीचा. हल्लीच्या दहावीच्या निकालासारखंच. नव्वद टक्क्यांचे पेढे घेऊन जावं तर शेजारच्या घरात पंच्याण्णववाला तोंड पाडून बसलेला. ब्रिटनमध्ये १९९१ ते १९९६ या काळात ‘अमिगा पॉवर’ नावाचं एक मासिक निघत असे. शंभरात पन्नास म्हणजे मध्यम, असं त्या लोकांनी सरळ ठरवून टाकलं होतं. गणिताने बरोबरच, पण गेम काढणाऱ्या कंपन्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ते मासिक बंद पडलं ते याच हट्टापायी, असं साडेसातचं ठाम मत. खरं म्हणजे अमिगा हा कम्प्युटरच मागे पडला होता. पण एखाद्याला आपल्या भित्रेपणाला आधार म्हणून इतिहास सापडला असेल तर तो काढून घेऊ नये.

आता, पैसे खायचा असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. पैसा सोडाच, समीक्षेसाठी आलेली डीव्हीडी तो सही करून ऑफिसच्या कपाटात जमा करायचा. एका दिवाळीला कुठल्याशा कंपनीकडून सुक्या मेव्याचा डबा आला, तो त्याने बदामाला हात न लावता रिसेप्शनवर नेऊन ठेवला. (आम्ही खाल्ला.) परदेशातल्या एका कार्यक्रमाला विमानाच्या तिकिटासकट बोलावणं आलं, तर ‘मासिकाने तिकीट काढलं तरच जाईन’ असं उत्तर त्याने धाडलं. मासिकाने तिकीट काढलं नाही. तो कधीच कुठे गेला नाही.

त्याला खाल्लं ते भिडेने. इंग्रजीत या गोष्टीला धड शब्द नाही, म्हणून त्यांच्या नीतिनियमांच्या कागदातही ती सापडत नाही. भेट किती डॉलरपर्यंतची घ्यावी, हॉटेलचं बिल कोणी भरावं, सगळं कलमवार लिहिलेलं असतं. पण कंपनीच्या पीआरची जी मुलगी दर महिन्याला फोनवर आधी ‘सर, आईंचा गुडघा कसा आहे?’ विचारते, तिच्या गेमला चार कसे द्यायचे, याचं कलम मी अजून कुठे वाचलेलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. साडेसातच्या घरी दोघी बहिणी सुखाने नांदत होत्या.

आज खरं वाटणार नाही, पण हाच माणूस पूर्वी चार द्यायचा. एकदा तर दोन दिले होते. मला ती समीक्षा अजून आठवते. एकही वाक्य मला तपासावं लागलं नव्हतं, कारण चिडलेला माणूस व्याकरणात चुकत नाही. अंक बाजारात गेला. पुढच्या अंकात मलपृष्ठावरची जाहिरात नव्हती. कोणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. जाहिरात विभागाच्या मॅडम त्याच्या टेबलाशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, “दोनच?” बस, एवढंच. त्या महिन्यात अंकाची आठ पानं कमी झाली आणि शिकाऊ पोरांपैकी एक दिसेनासा झाला. साडेसात त्या पोराच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत डबा खायचा.

त्यातच नोव्हेंबर २००७ उजाडला. अमेरिकेतल्या गेमस्पॉट या बड्या साइटवर जेफ गर्स्टमन नावाचा मुरलेला संपादक होता. त्याने ‘केन अँड लिंच: डेड मेन’ या गेमला दहापैकी सहा दिले. त्या वेळी त्याच साइटचं अंगण त्याच गेमच्या जाहिरातींनी शाकारलेलं होतं. मांडव आयडॉस कंपनीचा, आणि मांडवातच भटजी म्हणतोय की मुहूर्त काही खास नाही. महिना संपायच्या आत गर्स्टमनला काढलं. गुणांचा आणि काढण्याचा संबंध नाही असं मालकांनी सांगितलं. तो करारामुळे गप्प. पुढच्या काही महिन्यांत त्याचे चार सहकारी राजीनामे देऊन निघाले. त्याने ‘जायंट बॉम्ब’ नावाची वेगळी चूल मांडली. २०१२ साली, ज्या सीबीएसकडे तोवर गेमस्पॉट गेलं होतं, त्यांनीच जायंट बॉम्बही विकत घेतलं. सून भांडून माहेरी जावी आणि सासरच्यांनी माहेरचं घरच खरेदी करावं, तसं झालं. तेव्हा कुठे गर्स्टमनला बोलायची मोकळीक मिळाली. जाहिराती काढून घेण्याच्या धमक्या होत्या, आणि नव्याने आलेल्या वरिष्ठांना तो ताण पेलवला नाही, असं त्याने सांगितलं.

लोक टेबलाच्या काचेखाली साईबाबा ठेवतात. साडेसातने त्या बातमीचा प्रिंटआउट ठेवला. समोर बसून त्याने मला हिशेब समजावून सांगितला होता, तो असा: सहाला नोकरी जाते, हे सिद्ध झालं. सात दिले तर कंपनीला राग येतो पण लाजेकाजेस्तव ती बोलत नाही. आठ दिले तर रात्री झोप लागत नाही. साडेसातला नोकरीही टिकते आणि झोपही लागते. त्या दिवसापासून तो शांत झोपायला लागला. मीच जागा राहायला लागलो, कारण त्याचं गद्य बिघडलं.

खोटं तो कधी लिहीत नसे, हे मात्र मान्य करायला हवं. तो वधू-वर सूचक मंडळाची भाषा लिहायला लागला. मुलगी ‘गृहकृत्यदक्ष’ असली की आपण जे समजायचं ते समजतो, तसं. गेम ‘महत्त्वाकांक्षी’ म्हणजे तो अर्धवट आहे. ‘काही किरकोळ तांत्रिक त्रुटी’ म्हणजे नायक चालता चालता जमिनीत गडप होतो. ‘या मालिकेच्या चाहत्यांना नक्की आवडेल’ म्हणजे बाकीच्यांनी पैसे घालवू नयेत. मला ही लिपी पाठ झाली होती. वाचकांना कोणी शिकवली नव्हती.

त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती तो स्वतः दर शुक्रवारी सांगायचा. मेटाक्रिटिक नावाची साइट जगभरच्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढते. कॅलिफोर्नियातल्या ऑब्सिडियन या स्टुडिओने २०१० साली ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ केला. सरासरी ८५ भरली तर बोनस, असा बेथेस्डा या प्रकाशकाशी करार होता. भरली ८४. बोनस बुडाला. २०१२ साली स्टुडिओतल्या ख्रिस ॲव्हेलोन यांनीच हे सांगितलं, तेव्हा साडेसात दोन दिवस जेवला नाही. “एका गुणाने गेला रे,” तो म्हणाला. “एक मार्क! आपल्यासारख्याच कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळी, डोकं दुखत असताना, आठऐवजी सात दिले असतील. आणि तिकडे कोणाच्या तरी घराचा हप्ता.” मी म्हटलं, “अरे, ती चूक करार करणाऱ्याची. तू कशाला ग्रेस मार्क वाटत बसतोस?” पण मास्तरकी न करता मास्तरांचं ओझं वाहणाऱ्या माणसाला कोण समजावणार.

एम्बार्गो हा आणखी एक प्रकार. म्हणजे अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत समीक्षा छापणार नाही, असं कबूल केल्यावरच गेम आधी खेळायला मिळतो. यात तसं वावगं काही नाही. सगळ्यांना सारखा वेळ मिळतो आणि घाईघाईत कोणी अर्धा गेम खेळून लिहीत नाही. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये युबिसॉफ्टने अमेरिकेत ‘असॅसिन्स क्रीड: युनिटी’ मध्यरात्री विकायला काढला आणि समीक्षेची मुदत ठेवली त्यानंतर बारा तासांनी, दुपारी बाराची. अक्षता पडल्यावर पत्रिका जुळवायची. आणि नवरा कसा, तर काही ठिकाणी पात्रांच्या चेहऱ्याची कातडीच गायब. डोळे आणि दात हवेत तरंगताहेत. साडेसातने ती चित्रं मला दाखवली. मी म्हटलं, “लिही मग.” तो म्हणाला, “लिहितो की. ‘पात्रांचे चेहरे बोलके आहेत.’”

आणि वाळीत टाकलं जाण्याची भीती. २०११ साली ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ची समीक्षकांनी यथेच्छ धुलाई केली, तेव्हा त्या गेमची पीआर सांभाळणाऱ्या संस्थेने ट्विटरवर जाहीरच केलं की काही जणांनी हद्द ओलांडली आहे, आणि पुढच्या वेळी गेम कोणाला द्यायचा, कोणाला नाही, याचा विचार चालू आहे. गेमच्या प्रकाशकाने त्या संस्थेशी लगेच संबंध तोडले. धमकी दिली म्हणून तोडले की सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बोलून दाखवली म्हणून, यावर आमचं एकमत कधी झालं नाही. पुढे २०१५ मध्ये ‘कोटाकू’ या साइटच्या संपादकांनी लिहिलं, की फुटलेल्या बातम्या छापल्याबद्दल बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट आमच्याशी बोलतच नाहीत, ना गेम उतरवून घ्यायचा कोड पाठवतात, ना मेलला उत्तर देतात. कोटाकूवाल्यांनी आपले गेम आपल्या पैशाने विकत घेतले आणि धंदा चालू ठेवला. हे ऐकून साडेसात म्हणाला, “विकत? म्हणजे दुकानातून?” एखाद्या देवस्थानच्या विश्वस्ताला रांगेत उभं राहायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

दुकानातून गेम विकत घेणारा माणूस त्याच्या घरात होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. पुण्याच्या ताईचा मुलगा. तेरा वर्षांचा असताना त्याने मुंजीतल्या आणि वाढदिवसाच्या पाकिटांचे पैसे साठवून २,४९९ रुपयांचा गेम आणला, कारण मामाने साडेसात दिले होते. सुट्टीत डोंबिवलीला आला तो गेम पिशवीत घेऊनच. मी तिथेच बसलो होतो.

“मामा, तू हा खेळलास?”

“हो. चौतीस तास.”

“मग तुला दिसलं नाही?”

“लिहिलंय की मी. ‘चाहत्यांना आवडेल.’”

पोरगं जरा वेळ विचारात पडलं. “मग मी काय होतो?” असं म्हणालं आणि पिशवी उचलून आत आजीकडे गेलं. साडेसातने त्याला गुपचूप अडीच हजार रुपये दिले. गेमच्या गुणांपायी त्याने केलेला हा एकमेव आर्थिक व्यवहार, आणि तोही खिशातून बाहेर.

वाचक म्हणजे बिचारा फसवला गेलेला भाचा, एवढंच चित्र मात्र खरं नाही. वाचकांची दुसरी एक जात आहे. तिला पट्टी लागते ती मोजायला नाही, मारायला. याच गर्स्टमनने २००६ साली झेल्डाच्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ला ८.८ दिले होते, तर लोकांनी आकाशपाताळ एक केलं, ८.८ कमी पडले! २०१३ मध्ये ‘जीटीए ५’ला गेमस्पॉटवर कॅरोलिन पेटिटने नऊ दिले, पण गेममध्ये स्त्रियांना दिलेल्या वागणुकीबद्दल चार शब्द लिहिले. तिला काढून टाका म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. नऊ देऊन नोकरीवर बेतत असेल तर साडेसातच्या हिशेबाचं काय करायचं? तो आठवडाभर अस्वस्थ होता.

आणि मग २०१४चा ऑगस्ट. ‘गेम पत्रकारितेतली नैतिकता’ अशी पाटी लावून इंटरनेटवर जी धुमश्चक्री सुरू झाली, तिला गेमरगेट म्हणतात. सुरुवात एका गेमकर्तीवरच्या आरोपाने: तिच्या मित्र-पत्रकाराने मैत्रीखातर तिच्या गेमची समीक्षा केली म्हणे. तशी समीक्षा मुळात लिहिलीच गेली नव्हती. पण बायकांना घरी जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. गेममधल्या स्त्रीचित्रणावर बोलणाऱ्या अनिता सार्कीसियन यांना ऑक्टोबरात युटा स्टेट विद्यापीठातलं भाषण रद्द करावं लागलं, कारण गोळीबाराची धमकी आली होती आणि पोलीस श्रोत्यांची शस्त्रं बाहेर ठेवून घ्यायला तयार नव्हते. या प्रकरणावर मी साडेसातला प्रथमच तावातावाने बोलताना पाहिलं. “नैतिकता पाहिजे ना? मग माझ्याकडे या! मी इथे बसलोय, काचेखाली कागद ठेवून! मलपृष्ठ कोणी घेतलं, कोणी सोडलं, सगळं सांगतो! कोट्यवधींच्या जाहिराती देणारे सोडून हे लोक एकट्या बाईच्या घराचा पत्ता शोधताहेत.” मी म्हटलं, “लिही.” तो खाली बसला. त्या विषयाला गुण द्यायची चौकट नव्हती.

मासिक बंद पडलं. एका शुक्रवारी मेल आली, सोमवारी कपाटाला कुलूप. साडेसात यूट्यूबवर गेला. तिथे भीड नाही, रोख व्यवहार. २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉर्नर ब्रदर्सला पकडलं होतं ते यासाठीच: ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ची तारीफ करायला यूट्यूबवाल्यांना शेकड्यांपासून हजारो डॉलरपर्यंत पैसे दिले होते आणि ते सांगितलं होतं कुठे, तर व्हिडिओखालच्या मजकुरात, ‘आणखी पाहा’ दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. आपल्याकडेही २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेने असल्या मजकुरावर स्पष्ट लेबल सांगितलं आहे. साडेसात ते लेबल एवढं मोठं लावायचा की मागचा गेम दिसायचा नाही. बघणारे वैतागायचे, कंपन्या तर फिरकेनाशाच झाल्या. “पैसे घेतले की सांगायचं. सोपं आहे,” तो म्हणायचा. “ते दुसरं कसं सांगणार होतो? ‘या समीक्षकाला पीआरच्या मुलीने आईचा गुडघा विचारला आहे’?”

मधल्या काळात भाचा मोठा झाला. २०२० साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आणला, तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. हे पुण्यात बसून करता येतं, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. तीन मित्र जमवून त्याने सदाशिव पेठेत एक खोली घेतली आणि गेम केला: लाल डब्याची एसटी पावसाळ्यात घाटातून उतरवायची. पूर्ण झाल्यावर पहिला कोड मामाला. सोबत एक ओळ: ‘मामा, खरं सांग.’

रात्री दोन वाजता मला फोन. “ऐक. साडेचार आहे रे.”

“किती?”

“साडेचार. तिसऱ्या वळणानंतर कंडक्टर ड्रायव्हरच्या अंगातून आरपार चालत जातो. पावसाचा आवाज कढईत भजी सोडल्यासारखा येतो. पण घाट... घाट सुंदर केलाय पोराने. धुकं उतरतं ना, तेव्हा मी गाडी थांबवून बसलो होतो.” त्याने चार पानं लिहिली होती. मला पाठवली. त्या दोन गुणांच्या समीक्षेनंतर पहिल्यांदाच मला एकही शब्द बदलावा लागला नाही.

“छाप की आता,” मी म्हटलं.

“छापतोय कसला? सख्खा भाचा आहे. हितसंबंध.” आणि फोनवर तो इतका हसला की शेवटी त्याला ठसका लागला. पानं फक्त पुण्याला गेली.

ताई भडकली. मामा असून साडेचार? परक्यांना वर्षानुवर्षं साडेसात वाटले, आणि घरच्या लेकराला? भाचा दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज: ‘वळण दुरुस्त केलं. कंडक्टर अजून आरपार जातोय. पाऊस ऐकून सांग.’

दिवाळी आली. मला बहीण नाही, त्यामुळे भाऊबीजेला ताई मलाही ओवाळते. साडेसातला ओवाळताना तिने त्याच्या कपाळावरचं कुंकू जरा जोरातच टेकवलं. फराळ मांडला, अनारशांची ताटली त्याच्यासमोर सरकवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“कसे झालेत?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. भाचा फोनमधून डोकं वर काढून बघू लागला. साडेसातने एक तुकडा मोडला, चावला, डोळे मिटले, खसखशीचा एक दाणा दातातून काढला.

“सहा,” तो म्हणाला, आणि दुसरा उचलला.